सहा वॅटांचा किल्लेदार

आमच्या डोंबिवलीच्या घराला दार एकच, पण बंदोबस्त किल्ल्याचा. बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर, आत दोन कड्या, एक साखळी आणि एक भिंग. त्या भिंगातून पाहिलं की कुरियरवालासुद्धा दरोडेखोर दिसतो. खाली वॉचमन आहे. तो दुपारी झोपतो हे खरं, पण जिन्याच्या पहिल्याच पायरीशी आडवा झोपतो, त्यामुळे त्याला ओलांडल्याशिवाय कोणाला वर येता येत नाही. एवढं सांभाळण्यासारखं घरात आहे तरी काय? माझ्या मते आईच्या पाटल्या. आईच्या मते लोणच्याची बरणी.

२०२३च्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात सायबर सुरक्षेवर अर्ध्या दिवसाचं शिबिर झालं. मी अकाउंट्सचा माणूस. समोसे होते म्हणून शेवटपर्यंत बसलो. व्याख्याता म्हणाला, ‘‘तुमच्या घरातला प्रत्येक स्मार्ट दिवा हा एक कॉम्प्युटर आहे. तो रात्री कोणाशी बोलतो, तुम्हाला ठाऊक आहे?’’ मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन मोजदाद केली. फोन चार, लॅपटॉप दोन, टीव्ही एक, स्मार्ट दिवे दोन, दाराचा कॅमेरा आणि एक वजनकाटा. हा वजनकाटा माझं वजन मला सांगण्याआधी बायकोच्या फोनला कळवतो. एकूण अकरा तोंडं. त्या रात्री दोनपर्यंत जागून मी बेडरूममधल्या दिव्यावर पाळत ठेवली. तो बंद होता. माझा संशय अधिकच बळावला.

दुसऱ्या दिवशी आयटीतल्या एका पोराला गाठलं. तो म्हणाला, ‘‘सर, फायरवॉल बसवा. सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त एक छोटासा डबा लागेल.’’

‘फक्त’ या शब्दापासून माणसानं सावध राहावं, हे तीस वर्षं व्हाउचर तपासणाऱ्याला तरी कळायला हवं होतं.

फायरवॉल म्हणजे जकात नाका. आत येणारं प्रत्येक पाकीट थांबवायचं, कुठून आलं, कुठल्या खिडकीशी चाललंय ते बघायचं. घरातल्या कोणी काही मागवलं असेल आणि त्याचंच उत्तर आलं असेल तर सोडायचं, नाहीतर परतवायचं. इंटरनेटबरोबर केबलवाल्यानं जो पांढरा डबा फुकट दिला होता तो हेच काम करतो, असंही त्या पोरानं सांगितलं होतं. पण तो डबा केबलवाल्याचा माणूस. मला आपला माणूस हवा होता.

माळ्यावर २००९ साली घेतलेला डेस्कटॉप होता. तो उतरवला, पुसला, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड खोचलं. नाक्याला दोन तोंडं लागतात, एक बाहेरच्या जगाकडे आणि एक घराकडे. मशीन सुरू झालं तेव्हा पिठाच्या गिरणीसारखा आवाज आला आणि मला अभिमान वाटला. बायको शाळेत गणित शिकवते. तिनं काही न बोलता भिंतीतला प्लग काढला, मध्ये वॅटमीटर लावला आणि महावितरणच्या बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली.

‘‘बहात्तर वॅट. चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस. वर्षाला ६३० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सहा हजार तीनशे. अहो, एवढ्यात खरा वॉचमन जिन्याऐवजी आपल्या दाराशी झोपेल.’’

तिथून मला वॅटचं वेड लागलं. चोर, दिवा, वजनकाटा सगळे मागे पडले. वर्षभर चालणारा एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट, हे माझं पसायदान झालं. कोणाच्या घरी गेलो की चहा येईपर्यंत मी त्यांच्या राउटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचत बसायचो. बारा व्होल्ट, एक अँपियर. म्हणजे फार तर बारा वॅट. ‘‘बरं चाललंय तुमचं,’’ मी म्हणायचो. यजमानांना वाटायचं मी तब्येतीबद्दल बोलतोय.

पहिला उमेदवार रास्पबेरी पाय. हा पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर २०१२ साली इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांसाठी निघाला, तेव्हा त्याची किंमत होती ३५ डॉलर. त्याची तिसरी आवृत्ती भाच्याच्या खणात पडून होती. वॅटमीटर लावला, चारच्या आत. मी आनंदानं बायकोला हाक मारली. ती आली, तिनं सगळीकडून फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘‘अहो, दुसरं भोक कुठाय?’’

पायला नेटवर्कचं पोर्ट एकच असतं. हे त्याच्या फोटोत स्पष्ट दिसतं. मी ते फोटो महिनाभर बघत होतो, पण माझं लक्ष वॅटवर होतं. आयटीतल्या पोरानं उपाय सांगितला, व्हीलॅन. म्हणजे एकाच दाराने पाहुण्यांनीही यायचं आणि केराची बादलीही न्यायची, फक्त दोघांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या. त्यासाठी चिठ्ठ्या वाचू शकणारा स्विच घ्यावा लागतो आणि तो स्वतः पाच वॅट खातो. शिवाय या तिसऱ्या आवृत्तीचं नेटवर्क आतून यूएसबीच्या वाटेनं जातं आणि सेकंदाला शंभर मेगाबिटला अडतं. आमचं कनेक्शन दोनशेचं होतं. म्हणजे अर्ध्या इंटरनेटचे पैसे मी दर महिन्याला नाक्यावरूनच परत पाठवत होतो. तरी मी चालवून पाहिलं. मी आलेल्या-गेलेल्याची प्रत्येक नोंद जपून ठेवायला सांगितली होती, आणि ती सगळी लिहिली जात होती एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर. सात आठवड्यांनी कार्डानं मान टाकली. अकाउंट्सच्या माणसाचं रजिस्टर भरून हरपलं, दुसरं काय.

मग स्वित्झर्लंड आलं.

घरगुती फायरवॉलच्या जगात काही पुराणकथा आहेत, आणि त्यांतली मला सगळ्यात आवडलेली मोनोवॉलची. मॅन्युएल कास्पर नावाच्या स्विस माणसानं २००३ साली हे फायरवॉल काढलं, तेही इतकं आटोपशीर की जुन्यापान्या चिमुकल्या मशीनवर चालावं. त्याच्यापासून २००४ साली पीएफसेन्स निघालं, आणि पीएफसेन्सपासून २०१५च्या जानेवारीत नेदरलँड्समध्ये ओपीएनसेन्स. पुढच्याच महिन्यात कास्परनं मोनोवॉल बंद करून आपल्या लोकांना नातवाचं घर दाखवलं. मला हे सगळं फार घरंदाज वाटलं. आणि या घराण्याची चिमुकली मशीनं कोण बनवायचं? तीही स्विसच कंपनी, पीसी इंजिन्स. तिचा ॲलिक्स नावाचा बोर्ड म्हणजे ५०० मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड, २५६ एमबी मेमरी, तीन पोर्ट, पंखा नाही, आवाज नाही, आणि खाणं पाच वॅटांच्या आसपास. तीन पोर्ट! गरजेपेक्षा एक जास्तच. जुन्या बाजारात एक सापडला. विकणाऱ्यानं सांगितलं, ‘‘दहा वर्षं बंद पडला नाही.’’ तो तरीही का विकतोय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

डबा आला. सुंदर होता. त्याला स्क्रीन जोडायची जागाच नव्हती.

अशा बोर्डांशी सिरीयल पोर्टातून बोलावं लागतं, आणि त्यासाठी नल मोडेम केबल लागते. डोंबिवलीत कोणाकडे नव्हती. तेव्हा एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावानं पत्ता विचारला तर तिथला दुकानदारही तुम्हाला दुसरीकडे पाठवेल. पहिल्या दुकानात मला मोडेम दाखवले. दुसऱ्यात ‘‘नल मतलब?’’ असं विचारलं. तिसऱ्या, बोळातल्या दुकानात एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांनी न बघता मागच्या खणात हात घातला आणि विचारलं, ‘‘सीधा चाहिए या क्रॉस?’’

आयुष्यभर सरळ मार्गानं चाललेला माणूस मी. म्हणालो, ‘‘सीधा.’’

नल मोडेमचं सगळं मर्म त्या क्रॉसमध्ये असतं. याच्या तोंडाची तार त्याच्या कानाला जायला हवी आणि त्याच्या तोंडाची याच्या कानाला. सरळ केबलीत तोंडाला तोंड आणि कानाला कान येतो. मग आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं होतं, दोघे बोलतायत आणि ऐकत कोणीच नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा दादर, पुन्हा ग्रँट रोड. म्हातारेबुवांनी क्रॉस केबल आधीच काढून ठेवली होती. मला ओशाळवाणं झालं आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला.

केबल लागली आणि स्क्रीनवर उमटल्या चौकटी, प्रश्नचिन्हं आणि कुठल्याशा युरोपी लिपीतली टोपी घातलेली अक्षरं. मला वाटलं जर्मन असेल. ते काही जर्मन नव्हतं. बोर्ड उठताना सेकंदाला ३८,४०० च्या वेगानं बोलतो आणि माझा लॅपटॉप १,१५,२०० च्या वेगानं कान देत होता. वेग जुळवले, बोर्ड शहाण्यासारखा बोलायला लागला, आणि पहिली समजण्याजोगी गोष्ट त्यानं जी कळवली तिचा मथितार्थ असा, की तो ३२ बिटांचा आहे. पीएफसेन्सनं ३२ बिटांच्या मशीनला २०१७ सालीच रामराम ठोकला होता. ओपीएनसेन्सची नवी आवृत्तीही त्याला ओळख देईना. एवढंच नव्हे, पीसी इंजिन्सनंही आपले बोर्ड यापुढे बनवणार नाही असं त्याच २०२३ साली जाहीर केलं होतं. मी सासुरवाडी शोधत स्वित्झर्लंडला पोचलो तेव्हा तिथे घराला कुलूप लावण्याची तयारी चालली होती.

आयटीतलं पोर आता मला कॅन्टीनमध्ये टाळायला लागलं होतं. एकदा लिफ्टमध्ये सापडलं. तळमजला येईपर्यंत त्यानं घाईघाईत सांगितलं, ‘‘सर, एन१०० घ्या. चार पोर्टचा. पोर्ट इंटेलचे बघा, ओपीएनसेन्सच्या बुडाशी फ्रीबीएसडी असते, तिला तेच मानवतात.’’ आणि पळालं.

एन१०० हा इंटेलचा प्रोसेसर २०२३च्या जानेवारीत आला. चार कोअर, आणि कागदावर सहा वॅट. सहा! डब्याला पंखा नाही. वरचं ॲल्युमिनियमचं झाकण हेच त्याचं थंड व्हायचं साधन, म्हणून त्याला वड्या पाडल्यासारख्या उभ्या धारा. आईनं तो बघितला आणि विचारलं, ‘‘किसणी का रे आणलीस? घरात तीन आहेत.’’

मी तो स्वस्तातला, ‘बेअरबोन’ मागवला होता. बेअरबोन म्हणजे नुसता सापळा. मेमरी आपली, डिस्क आपली. मेमरी मी जुन्या लॅपटॉपची काढून ठेवली होती, डीडीआर४ची. डब्याला डीडीआर५ हवी होती. दोन्ही पट्ट्या बघायला जुळ्या बहिणी, फक्त खाच वेगळ्या जागी. ती खाच कंपन्या कशासाठी ठेवतात, तर माझ्यासारख्यांनी जोर लावून बसवू नये म्हणून. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग शेजारच्यांचा अंगठा मोठा म्हणून त्यांना बोलावलं. नशीब, ते घरी नव्हते.

नवी मेमरी आली, डिस्क आली, ओपीएनसेन्स चढलं. वॅटमीटर लावला. अकरा.

पुन्हा लावला. अकरा. सहा वॅट हा आकडा एकट्या प्रोसेसरच्या तब्येतीचा, तोही ठरावीक परिस्थितीतला. मेमरी, डिस्क, चार पोर्ट आणि अडॅप्टरची गळती त्यात धरलेली नसते. अकाउंट्सच्या भाषेत सांगायचं तर मी बेसिक पगार बघून लग्न ठरवलं आणि खर्च आला ग्रॉसचा. तरी बहात्तरावरून अकरा! बायकोनं बिलाची पाठ पुढे केली. वर्षाला ५३४ युनिट वाचणार. पाच हजार तीनशे रुपये. मी छाती फुगवून बसलो.

रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, केबलवाल्याचा डबा आणि माझा डबा यांचं लग्न लावलं. इंटरनेट गेलं. का, ते पहाटे अडीचला उमगलं. केबलवाल्याच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१. माझ्या डब्याचा, ओपीएनसेन्स चढतानाच मिळालेला, पत्ता १९२.१६८.१.१. एकाच सोसायटीत दोन बिऱ्हाडांना एकच फ्लॅट नंबर दिला तर पोस्टमन काय करील? तोही पत्रं घेऊन जिन्यात बसून राहील. माझ्या घराचा पत्ता मी बदलला आणि इंटरनेट धो धो वाहू लागलं. त्या रात्री तीन वाजता मी सोफ्यावर झोपलो तो हंबीररावाच्या थाटात.

पुढचा महिनाभर मी रोज संध्याकाळी लॉग वाचायचो. विलक्षण शांतता होती. दिवा कोणाशी बोलत नव्हता, वजनकाटा बोलत नव्हता, टीव्ही बोलत नव्हता. धाक बसला, मी म्हणालो. मुलगी कॉलेजातून आली होती. तिनं दोन मिनिटं वायरी न्याहाळल्या. ‘‘बाबा, तुझ्या डब्याला वायफाय आहे का?’’

नव्हतं. फायरवॉलच्या अशा डब्यांत ते बहुधा घेतही नाहीत, त्यासाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट लावतात.

‘‘मग आपण सगळे कोणत्या वायफायवर आहोत?’’

केबलवाल्याच्या. म्हणजे तटाच्या बाहेर. आई, बायको, मुलगी, टीव्ही, दोन्ही दिवे, कॅमेरा, वजनकाटा, अशी सगळी रयत महिनाभर वेशीबाहेर नांदत होती. आत होता फक्त माझा लॅपटॉप, वायरीनं बांधलेला. एवढ्या मोठ्या किल्ल्यात एकटा किल्लेदार, आणि तो रोज दिवे लागणीला बुरुजावर उभा राहून शत्रू कसा घाबरलाय हे बघत होता.

मग ॲक्सेस पॉइंट घेतला, आठ वॅटांचा. ते मी बायकोला सांगितलं नाही, तिनं मोजलं. आणि केबलवाल्याला फोन करून म्हणालो, ‘‘तुमचा डबा ब्रिज करून द्या.’’ म्हणजे त्यानं नुसती नळी व्हावं, नाका माझा. पलीकडचा मुलगा थांबला. ‘‘काका, कुठला ब्रिज? पत्रीपूल?’’ अखेर तो येऊन करून गेला. मी जुनं वायफाय बंद केलं, घरातल्या उरलेल्या दहा तोंडांना एकेक करून तटाच्या आत घेतलं, जाहिराती अडवणारी एक लांबलचक यादी चढवली आणि झोपलो. सकाळी आईचं पंचांग उघडेना. त्या ॲपला आधी जाहिरात लागते, मग तिथी. चतुर्थी आज की उद्या, यावरून घरात जे झालं ते मी लिहीत नाही. बायकोची पालकसभा ऑनलाइन होती, ती मध्येच तुटली ती मात्र माझ्यामुळे नव्हे. म्हणजे त्या वेळी मी फक्त एक बटण दाबून बघत होतो.

सगळं मार्गी लागल्यावर एका रविवारी मी डब्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता निवांत वाचला. तो १००.७२ ने सुरू होत होता. मी सहज चौकशी केली. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते जगात कोणाचेच नसतात. इंटरनेटचे जुने पत्ते संपत आले तेव्हा, २०१२ साली, ते पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी बाजूला काढून ठेवले. शेकडो घरं एका खऱ्या पत्त्यामागे उभी करायची, चाळीत सगळ्यांच्या नावानं एकच पत्रपेटी असावी तशी. बाहेरून कोणा हल्लेखोरानं आमचंच घर शोधत यायचं म्हटलं तरी तो केबलवाल्याच्या दारातच अडणार. पुढचा रस्ताच नाही. आणि ही सोय माझ्या डब्याच्या आधीपासून होती. पांढऱ्या डब्याच्या काळापासून. मी नकाशात नसलेल्या गावाला वेस बांधली होती.

हे मी बायकोला सांगितलं नसतं, पण तिनंच त्या दिवशी कपाट आवरताना बिल काढलं. ‘‘अहो, हे ५३४ युनिट वाचले म्हणता, ते कशातून?’’

‘‘त्या जुन्या डेस्कटॉपच्या तुलनेत.’’

‘‘तो तर २०१९पासून माळ्यावर बंद होता ना? तो शून्य खात होता.’’

मी गप्प. तिनं खाली आकडे लिहिले. डबा, मेमरी, डिस्क, ॲक्सेस पॉइंट, ॲलिक्स, दोन केबली, लॅमिंग्टन रोडच्या दोन फेऱ्या. एकूण २३,४००. शिवाय दर वर्षी अकरा अधिक आठ, एकोणीस वॅटांचे १६६ युनिट, जे पूर्वी नव्हते. तिनं खाली रेघ मारली आणि मास्तरणीच्या लाल पेनानं फक्त ‘पाहिले’ असं लिहिलं.

तरी मी डबा काढला नाही. दिवे रात्री बाहेर काय बोलतात ते आता मला दिसत होतं. दोघेही दर काही मिनिटांनी घड्याळ लावून घ्यायचे, बस्स. पण डिसेंबरात खरंच काहीतरी घडलं. डब्याच्या तापमानाचा आलेख रोज बघायची मला सवय होती. तो बावन्न अंशांवर सरळ चालायचा. एके रात्री साडेनऊला तो एकदम चव्वेचाळीसवर कोसळला, हळूहळू चढला आणि पहाटे पूर्वपदावर आला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही, वेळ तीच. माझ्या अंगावर काटा आला. रोज ठरलेल्या वेळी माझ्या नाक्यावर कोणी तरी काही तरी करत होतं, आणि लॉगमध्ये त्याचा मागमूसही नव्हता. पुस्तकी घुसखोरी म्हणतात ती हीच. मी सगळे नियम पुन्हा तपासले, पासवर्ड बदलले, आयटीतल्या पोराला रात्री दहा वाजता फोन केला. त्यानं उचलला नाही.

चौथ्या रात्री मी दिवा मालवून हॉलमध्ये दबा धरून बसलो. साडेनऊ वाजता स्वयंपाकघराचं दार वाजलं. आई आली, टीव्हीच्या कपाटाचं दार उघडलं आणि दुधाचं पातेलं, वर झाकण आणि झाकणावर दुपट्याची घडी, अलगद माझ्या फायरवॉलवर ठेवलं.

‘‘आई!’’

‘‘हळू बोल. थंडीत विरजण धरत नव्हतं मेलं. या किसणीवर कसं घट्ट लागतं बघ.’’

‘‘अगं, आत्ता अपडेट आलंय. डबा बंद करून सुरू करायचाय.’’

‘‘उद्या सकाळी कर,’’ ती म्हणाली, ‘‘आता हात लावायचा नाही. हललं की पाणी सुटतं.’’

मी लॅपटॉप उघडला. आलेख चव्वेचाळीसवर आला होता. अपडेट मी सकाळी सातवर ढकललं.